वडिलांच्या स्मरणशक्तीच्या कॅप्सूल चालू ठेवाव्यात का?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ७४ वर्षांचे. आठ-दहा महिन्यांपासून ओळखीच्यांची नावं ऐन वेळी आठवत नाहीत आणि एकच प्रश्न अर्ध्या तासात दोन-तीनदा विचारतात. त्यांनी जाहिरात बघून स्वतःच स्मरणशक्तीच्या कॅप्सूल मागवल्या. दोन महिने झाले, ‘फरक पडतोय’ म्हणतात. चालू ठेवाव्यात का? फायदा नसला तरी निदान अपाय तरी नाही ना?

मी वृद्धांच्या आजारांची डॉक्टर आहे. विसरण्याची तक्रार घेऊन आलेली माणसं, आणि त्यांच्या शेजारी काळजीने बसलेली त्यांची मुलं, गेली बावीस वर्षं पाहते आहे. आधी सरळ उत्तर देते. या कॅप्सूल चालू ठेवाव्यात असं एकही चांगलं कारण मला माहीत नाही. अपाय होईल की नाही, हे त्यात नेमकं काय आहे आणि वडील आणखी कोणती औषधं घेतात यावर ठरेल. पण तुमचा प्रश्न वाचताना मी थांबले ती ‘एकच प्रश्न अर्ध्या तासात दोन-तीनदा’ या शब्दांपाशी. त्याबद्दल पुढे लिहिते, आणि घाईत असाल तर तोच भाग आधी वाचा.

या बाटल्यांवरचे घटक पाहिले तर तीच ती नावं फिरून फिरून येतात. त्यांत सगळ्यात कसून तपासलेलं नाव जिंकगो बायलोबा, म्हणजे जिंकगोच्या झाडाच्या पानांचा अर्क. अमेरिकेत ७५ वर्षं आणि त्यापुढच्या ३०६९ जणांवर त्याची चाचणी झाली. निम्म्यांना दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम अर्क, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे दिसायला हुबेहूब पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळतंय हे पेशंटलाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. सुमारे सहा वर्षं लोकांवर लक्ष ठेवलं. २००८ मध्ये निकाल आला: प्लासिबो घेणाऱ्यांपैकी २४६ जणांना स्मृतिभ्रंश झाला, जिंकगो घेणाऱ्यांपैकी २७७ जणांना. हा फरक इतका लहान आहे की जिंकगोने नुकसान केलं असं म्हणता येत नाही, पण वाचवलं नाही हे स्पष्ट आहे. पुढे फ्रान्समध्ये, स्मरणशक्तीची तक्रार आधीच डॉक्टरांकडे केलेल्या ७० वर्षांपुढच्या २८५४ लोकांवर अशीच पाच वर्षांची चाचणी झाली. २०१२ मध्ये तिचाही निकाल तसाच आला, अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, रोखला गेला नाही. एखाद्या वनस्पतीला यापेक्षा मोठी संधी देता येईल असं मला वाटत नाही. तरीही जिंकगो आजही ‘मेंदूचा रक्तपुरवठा वाढवते’ म्हणून विकलं जातं, आणि त्या वाक्याने माणसाला धीर येतो हे मी रोज पाहते.

दुसरं उदाहरण जेलीफिशचं. अंधारात चमकणाऱ्या एका जेलीफिशमध्ये कॅल्शियमला चिकटणारं एक प्रथिन असतं. ओसामु शिमोमुरा यांनी १९६० च्या दशकात ते वेगळं काढलं, पुढे २००८ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेलही मिळालं. (नोबेल त्याच जेलीफिशमधल्या दुसऱ्या, हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या शोधासाठी होतं.) कॅल्शियम पकडणाऱ्या त्या प्रथिनाचं एक रूप प्रेव्हाजेन नावाने स्मरणशक्तीची कॅप्सूल म्हणून बाजारात आलं. कल्पना अशी की म्हातारपणी मेंदूच्या पेशींमध्ये कॅल्शियमचा तोल बिघडतो आणि हे प्रथिन तो सावरेल. ऐकायला पटतं. पण प्रथिन तोंडावाटे घेतलं की त्याचं काय होतं? जे डाळीतल्या प्रथिनाचं होतं तेच. जठरातलं आम्ल आणि पाचकरस त्याचे तुकडे करतात, आतड्यातून अमिनो आम्लं शोषली जातात, आणि शरीराला ती जेलीफिशमधून आली की डाळीतून हे कळायला मार्ग नसतो. अख्खं प्रथिन रक्तात उतरलं असं धरून चाललं तरी रक्त आणि मेंदू यांच्यामधला जो पडदा आहे, तो एवढा मोठा रेणू सहजी आत सोडत नाही.

कंपनीने चाचणी केली होती, हे खरं. २१८ लोक, तीन महिने. एकूण गटात कॅप्सूल आणि प्लासिबो यांत फरक दिसला नाही. मग त्याच आकड्यांची वेगवेगळ्या उपगटांत तीसहून जास्त वेळा फोड करून पाहिली, आणि ज्या थोड्या तुकड्यांत फरक दिसला त्यांचा आलेख जाहिरातीत आला. हे नीट समजून घ्या, कारण ही युक्ती एका कंपनीपुरती नाही. संशोधनात साधारणपणे, काहीच परिणाम नसतानाही वीस तुलनांमागे एखादी निव्वळ योगायोगाने ‘यशस्वी’ दिसू शकते एवढी सूट धरलेली असते. म्हणून काय मोजणार हे आधी लिहून ठेवायचं, मग मोजायचं, असा नियम आहे. आधी तीस ठिकाणी खणायचं आणि पाणी लागलं तिथे ‘आम्ही इथेच विहीर काढणार होतो’ अशी पाटी लावायची, याला पुरावा म्हणत नाहीत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आणि न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी २०१७ मध्ये या कंपनीवर खटला भरला. स्मरणशक्ती सुधारते असे दावे करायला न्यायालयाने मनाई केली ती २०२४ च्या डिसेंबरमध्ये. मधली जवळपास आठ वर्षं ती बाटली विकली जात होती.

बाकीच्या घटकांबद्दल थोडक्यात. माशाच्या तेलातलं ओमेगा-३ सुमारे ४००० वृद्धांना पाच वर्षं देऊन पाहिलं, विचारशक्तीची घसरण थांबली नाही. ई जीवनसत्त्वाचा मोठा डोस सौम्य स्मृतिदोष असलेल्यांना तीन वर्षं दिला, आजार अल्झायमरकडे सरकायचा तो सरकलाच. उलट निरोगी पुरुषांवरच्या एका वेगळ्या आणि फार मोठ्या चाचणीत, रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त आढळला. तुमच्या वडिलांच्या बाटलीवर ई जीवनसत्त्वाचा आकडा किती आहे ते जरूर पाहा. ब्राह्मीबद्दल मला नेहमी विचारतात. तिच्यावर काही लहान चाचण्या आहेत, बहुतेक निरोगी लोकांवर आणि साधारण बारा आठवड्यांच्या. शब्द लक्षात ठेवण्यात थोडी सुधारणा काहींत दिसली, पोट बिघडण्याच्या तक्रारीही दिसल्या. स्मृतिभ्रंश टळतो असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही, कारण ती माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते. कॉसमॉस नावाच्या अमेरिकन संशोधनात साध्या रोजच्या मल्टिव्हिटामिनने वृद्धांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्यांत लहानसा पण खरा फायदा दिसला आहे, तोही प्लासिबोशी तुलना करून आणि वेगवेगळ्या उपअभ्यासांत. मी त्याकडे उत्सुकतेने पाहते आहे. पण ते नेहमीचं मल्टिव्हिटामिन होतं, स्मरणशक्तीची खास कॅप्सूल नव्हती. आणि स्मृतिभ्रंश टळतो का, हे त्यातून ठरलेलं नाही. घरात कोणी डॉक्टरांना विचारून ते घेत असेल तर मी बंद करायला सांगत नाही. ज्यांना आधीच त्रास सुरू झाला आहे त्यांच्या तपासणीची जागा मात्र ते घेऊ शकत नाही.

आता ‘फरक पडतोय’ याबद्दल. वडील खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच तसं वाटत असणार. स्मरणशक्ती रोज सारखी नसते. झोप झाली की बरी, दगदग झाली की वाईट. माणूस गोळी सुरू करतो ती बहुधा सगळ्यात वाईट आठवड्यात, त्यामुळे पुढचे आठवडे आपोआपच बरे भासतात. शिवाय गोळी घेतली की माणूस सावध होतो, आठवलेलं मोजायला लागतो. सगळ्यात अवघड भाग पुढे आहे: आपण काय विसरलो हे विसरणाऱ्याला मोजता येत नाही. तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारणाऱ्या माणसाला तो तिसऱ्यांदा विचारतोय हे ठाऊक नसतं. म्हणून फरक पडलाय का हे मी पेशंटला विचारते, आणि मग त्यांच्या परवानगीने घरच्यांनाही वेगळं विचारते. तुम्ही आईला विचारा. दोन महिन्यांपूर्वीची एखादी ठरावीक गोष्ट धरून विचारा: औषधं स्वतः घेतात का, फोनवर झालेलं बोलणं संध्याकाळी सांगता येतं का, हिशेब पूर्वीसारखा जमतो का.

बाटली हातात घेऊन तीही वाचा. पुढच्या बाजूला मेंदूचं चित्र, खाली ‘क्लिनिकली टेस्टेड’. याचा अर्थ चाचणी झाली एवढाच. पास झाली असं त्यात लिहिलेलं नसतं. बाटली फिरवली की मागे, बहुतेकदा भिंगाशिवाय न दिसणाऱ्या अक्षरांत, हे उत्पादन कोणत्याही आजाराचं निदान, उपचार किंवा प्रतिबंध करण्यासाठी नाही अशा अर्थाचा मजकूर असतो. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने अशी पूरकं (सप्लिमेंट) परिणाम सिद्ध न करता विकता येतात, फक्त आजाराचं नाव घ्यायचं नाही. म्हणून ‘अल्झायमर’ लिहीत नाहीत, ‘स्मरणशक्तीला आधार’ लिहितात. वाचणाऱ्याच्या मनात भीती अल्झायमरचीच असते, आणि लिहिणाऱ्यालाही ते माहीत असतं. याचा मला मनापासून राग येतो. कुठे ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ असे शब्द दिसले तर त्याचा अर्थ असा की सगळ्या मिश्रणाचं वजन सांगितलंय, कोणता घटक किती ते सांगितलेलं नाही. जे लिहिलंय तेच आत असेल याचीही खात्री नसते. अमेरिकेत मेंदूसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या १० पूरकांच्या एका तपासणीत मान्यता नसलेली ५ औषधं सापडली होती.

अपायाचं सांगते. नव्या पेशंटला मी घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून आणायला सांगते आणि ती टेबलावर ओतते. सगळी म्हणजे मलमं, थेंब, झोपेची, सर्दीची, मुलांनी पाठवलेली, सगळी. एकदा एक आजोबा बाथरूममध्ये पडून आले होते. नाडी मोजली, मिनिटाला ४२. अल्झायमरसाठी त्यांना डोनेपेझिल चालू होतं, डोस योग्य होता. पिशवीत तळाशी एक पूरक सापडलं, त्यात हुपरझिन ए. ते वनस्पतीतून मिळतं म्हणून ‘नैसर्गिक’ म्हणून विकतात, पण काम करतं अगदी डोनेपेझिलसारखंच: मेंदूतलं ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं. म्हणजे आजोबा नकळत दोन डोस घेत होते. या गटातल्या औषधांनी नाडी मंद होते, चक्कर येते, मळमळतं. त्यांचं हाड मोडलं नाही, हे त्यांचं नशीब. मुलीने ती बाटली मोठ्या प्रेमाने आणली होती. ती माझ्यासमोर रडली, आणि मला तिला सांगावं लागलं की पूरकांबद्दल विचारणं आम्हा डॉक्टरांचं काम होतं, ते कोणी केलं नव्हतं.

दुसरी एक बाई, निवृत्त शिक्षिका. विसरायला लागले म्हणून कॅप्सूल घेत होत्या. टेबलावर ओतलेल्या ढिगात झोप यावी म्हणून रोज रात्री घेतलेली ॲलर्जीची गोळी होती, डायफेनहायड्रामिन, आणि वारंवार लघवी होते म्हणून ऑक्सिब्युटिनिन. ही दोन्ही औषधं मेंदूत ॲसिटिलकोलिनचं काम अडवतात, आणि आठवणी पक्क्या व्हायला तेच रसायन लागतं. एका गोळीने केलेला विसर दुसऱ्या गोळीने भरून काढायची धडपड चालली होती. पहिली बंद केली, दुसरी बदलली, आणि दीड-दोन महिन्यांनी त्या एकट्या आल्या, स्वतःच्या हाताने लिहिलेली यादी घेऊन. सगळ्यांचं असं होत नाही. पण ज्यांचं होऊ शकतं त्यांची पिशवी कोणी ओतलीच नाही तर कळणार कसं?

वडील रक्त पातळ करणारं औषध घेत असतील, वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रोजचं ॲस्पिरिन, तर जिंकगो आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसबद्दल मी विशेष सावध असते. रक्तस्रावाचा धोका वाढण्याची शक्यता असते. आणखी एक बारीकशी पण महत्त्वाची गोष्ट: बायोटिन, म्हणजे बी गटातलं एक जीवनसत्त्व. काही पूरकांत ते खूप मोठ्या प्रमाणात असतं, आणि रक्ताच्या काही चाचण्या त्याने चुकतात. थायरॉइडचा रिपोर्ट खोटा येऊ शकतो, हार्ट ॲटॅकसाठी करतात ती ट्रोपोनिनची चाचणी खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. त्यामुळे रक्त देण्याआधी लॅबला आणि डॉक्टरांना सांगा, काही दिवस आधी ते बंद ठेवायला सांगतील.

आता ‘एकच प्रश्न दोन-तीनदा’ या शब्दांकडे. नाव ऐन वेळी न आठवणं आणि रात्री अचानक आठवणं हे वयाबरोबर पुष्कळांना होतं. नाव आत साठलेलं असतं, काढायला वेळ लागतो. पण उत्तर मिळूनही थोड्या वेळाने तोच प्रश्न पुन्हा येतो, तेव्हा ते उत्तर साठलेलंच नसण्याची शक्यता जास्त. हे आठ-दहा महिने चालू असेल तर तपासणी हवी, आणि त्यासाठी कॅप्सूलचा तीन महिन्यांचा कोर्स संपायची वाट बघू नये. माझ्याकडे येणारी कितीतरी कुटुंबं अशा एकामागून एक कोर्समध्ये वर्ष-दीड वर्ष घालवून येतात. पैशाचं दुःख मला तेवढं नाही. त्या वर्षात बी-१२ ची कमतरता असेल तर ती वाढलेली असते, आणि नसांचं काही नुकसान मग भरून येत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ती कमतरता मी नेहमी शोधते. कधी विसरण्यामागे थायरॉइड मंदावलेलं असतं. नैराश्य असतं, जे म्हातारपणी रडण्यापेक्षा विसरण्याच्या आणि कशातच रस नसण्याच्या रूपात जास्त दिसतं. ऐकू कमी येत असतं, आणि जे कानात शिरलंच नाही ते आठवणार कसं? झोपेत श्वास अडकत असतो. कधी महिन्यापूर्वी डोक्याला लागलेलं असतं आणि कवटीच्या आत हळूहळू रक्त साठलेलं असतं. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे.

आणि समजा अल्झायमरच निघाला, तरी लवकर कळण्याला अर्थ आहे. लेकानेमॅबसारखी नवी औषधं फक्त सुरुवातीच्या टप्प्यातच देता येतात. त्यांचा फायदा माफक आहे आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका आहे, म्हणून मी ती सरसकट सुचवत नाही, पण निवड करण्याची वेळ तरी हातात राहते. कागदपत्रं, बँकेचे व्यवहार, पुढे कोणी काय करायचं, हे वडिलांना स्वतः ठरवता येतं. बीपी काटेकोर ठेवणं, कानाचं यंत्र, चालणं, माणसांत राहणं हे सल्ले रुक्ष वाटतात, पण लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे जे १४ धोके मोजले, ज्यांच्याशी जगातल्या सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंशाचा संबंध जोडला, ते याच प्रकारचे आहेत.

शेवटी, वडिलांशी कसं बोलायचं. ती बाटली त्यांनी स्वतः मागवली, हे विसरू नका. म्हणजे आपलं काहीतरी निसटतंय हे त्यांना तुमच्या आधी कळलं होतं, आणि ते कोणालाही न सांगता त्यांनी एकट्याने त्यावर उपाय शोधला. ‘फसवलं तुम्हाला’ म्हणून बाटली हिसकावली तर पुढच्या वेळी ते लपवतील. माझ्या एका पेशंटच्या मुलाने वापरलेलं वाक्य मला फार आवडलं होतं: ‘बाबा, तुम्हाला जे जाणवलं ते मलाही जाणवलंय. आपण दोघं मिळून दाखवून येऊ.’ ते गृहस्थ माझ्यासमोर बसले तेव्हा रागावलेले नव्हते, त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती.

जाण्याआधी एका कागदावर लिहून ठेवा: पहिल्यांदा काय खटकलं, साधारण कोणत्या महिन्यात, तेव्हापासून वाढलंय की तसंच आहे. चष्मा आणि कानाचं यंत्र असेल तर बरोबर असू द्या, नाहीतर स्मरणशक्तीच्या चाचणीत ते उगाच नापास होतील. आई किंवा तुम्ही, जे रोज त्यांच्याबरोबर असतं, ते सोबत जा. मधल्या दिवसांत एकाएकी गोंधळ वाढला, चालताना तोल जायला लागला, पडल्यावर डोकं दुखायला लागलं किंवा बोलणं अडखळलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. कॅप्सूल आजपासून थांबवल्या तरी चालेल, पण डॉक्टरांनी लिहून दिलेलं कोणतंही औषध मात्र मनाने बंद करू नका. आणि ती बाटली फेकू नका. बाकीच्या औषधांच्या पिशवीत टाका, तिचं मागचं लेबल डॉक्टरांना वाचू द्या.